करपा, भातावरील
करपा, भातावरील : पिरिक्युलॅरिया ओरायझी या कवकामुळे (बुरशीमुळे) होणारा भाताचा रोग. पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यभागी राखी व कडेस तपकिरी ठिपके पडतात. लोंबीची मान काळी पडल्यास दाणे पोचट राहतात. गुहागरसारख्या (जि. रत्नागिरी) किनारी तालुक्यात भात व नाचणी ही खरिपाची मुख्य तृणधान्ये असून पावसाळी हवेत दीर्घकाळ ओली राहणारी पाने कवकास अनुकूल ठरतात. नाचणीवरील करपाही याच वंशातील कवकामुळे होतो.

चीनमधील १६३७ च्या एका ग्रंथात या रोगाचा उल्लेख आहे. भारतात त्याची नोंद १९१३ मध्ये झाली व १९१९ मध्ये तंजावर भागात मोठी साथ आली. त्यानंतर प्रतिकारक्षम वाणांच्या निवडीस चालना मिळाली.

भाताच्या पानावर मेणाचा थर व सिलिकायुक्त बाह्यत्वचा असते. बीजुक पानास चिकटून रुजते व टोकाशी घुमटासारखे आसंजक निर्माण करते. त्याच्या भित्तीतील मेलॅनिनामुळे आत ग्लिसरॉल साठून सुमारे ८० वातावरणांइतका दाब निर्माण होतो आणि त्या बळावर कवकतंतू त्वचा भेदतो. भाताच्या कोशिका कवकभित्तीतील कायटिनाचे तुकडे ओळखून संरक्षणक्रिया सुरू करतात. कवक मात्र कायटिनाशी बद्ध होणारे प्रथिन स्रवून ही ओळख लपविते. ट्रायसायक्लॅझोल हे कवकनाशक मेलॅनिनाची निर्मिती रोखते. त्यामुळे आसंजकास त्वचा भेदता येत नाही.

वाणातील विशिष्ट जनुक कवकाच्या विशिष्ट प्रथिनास ओळखतो, तेव्हा बाधित कोशिका त्वरित मरते व रोगाचा प्रसार थांबतो. वनस्पती व रोगकारक यांच्या जनुकांतील हा संबंध हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरून दाखविला. कवकात ते प्रथिन बदलले किंवा नाहीसे झाले, की प्रतिकार निष्फळ होतो. जपानमधील ‘कुसाबुए’ या वाणाचा प्रतिकार १९६० च्या दशकात काही वर्षांतच मोडला. याच कवकाचा एक प्रकार १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये व २०१६ मध्ये बांगला देशात गव्हावर आढळला.

म्हणून एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते. एका वाणात अनेक जनुके एकत्र आणणे, नत्रयुक्त खतांची मात्रा बेताची ठेवणे व निरोगी बियाणे वापरणे हे उपाय योजतात. कोकणात कर्जत व शिरगाव येथील संशोधन केंद्रांत भाताच्या वाणांवर काम चालते. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. ज्या कुटुंबाची वर्षाची बेगमी खरिपाच्या एकाच पिकावर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने वाणाचा प्रतिकार टिकणे हा अन्नाचाच प्रश्न ठरतो.