घराची मोजणी : फितीपासून लेसरपर्यंत

जुन्या घराच्या दुरुस्तीपूर्वी होणारी मोजणी ही कारागिराची बाब समजली जाते. इतिहासाचे साधन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. ही उपेक्षा योग्य नव्हे. फीत, ओळंबा व गुण्या यांच्या साहाय्याने निवडक अंतरेच टिपली जातात. उरलेल्या रेषा आरेखक गृहीत धरतो. कललेली भिंत कागदावर सरळ उभी राहते, आणि एखादी खोली मागाहून जोडल्याचा जो पुरावा तिच्या तिरकस कोपऱ्यात होता, तो तेथेच लोपतो.

वास्तूला स्पर्श न करता तिची मापे घ्यावीत, हा विचार लेसरहून पुष्कळच जुना आहे. १८५८ मध्ये वेट्झलार येथील कॅथीड्रल मोजताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण जर्मन स्थापत्यज्ञ उंचावरून कोसळता कोसळता वाचला. छायाचित्रावरूनच मापे काढण्याची पद्धती त्याने पुढे सिद्ध केली व १८८५ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्या कार्यासाठी बर्लिनला संस्था काढली. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत १९६० साली चालविला. इमारती मोजणारी लेसर-यंत्रे मात्र शतकाच्या अखेरीस बाजारात आली. किरण भिंतीवरून परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढावयाचे, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व. सेकंदाच्या अब्जांशात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो, यावरून मिलिमीटरचा हिशेब किती नाजूक असेल हे ताडावे.

घराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट भिंतीची जाडी. दोन खोल्यांतील बिंदुसमूह दारातून जोडले की ती आपोआप उघड होते, व एकच भिंत एका टोकाला अधिक जाड असल्याचेही दिसते. परंतु आराखडा करताना हे बिंदू पुन्हा सरळ रेषांत बसविले जातात आणि मूळ सामग्री बहुधा कोणी जपत नाही. ती जपण्याचे मोल पॅरिसमध्ये दिसले : अँड्र्यू टॅलन यांनी नोत्र-दामची लेसर-मोजणी २०१० मध्ये केली होती, २०१९ च्या आगीनंतर जीर्णोद्धारास तिचा आधार मिळाला.

यंत्राला केवळ पृष्ठभाग दिसतो. आरसा त्याला सर्रास चकवितो. आरशापलीकडे नसलेली खोली ते निमूटपणे नोंदविते. गिलाव्याखालील तुळई कुजली आहे काय, हे मात्र अजूनही गिलावा खरवडून, लाकूड ठोकूनच पाहावे लागते.