‘तांबडा’ : एका रंगाची कुळकथा

महाडहून भोरकडे निघाले की वरंध गाव मागे पडते आणि घाटाची चढण लागते. रस्त्यासाठी डोंगर तासलेल्या जागी उघडी पडलेली माती पाहून जुन्या पिढीचा माणूस ‘तांबडी माती’ असेच म्हणेल.

संस्कृत ‘ताम्र’, प्राकृत ‘तंब’ आणि त्यावरून मराठीत तांबे, तांबट, तांबूस, गव्हावरील तांबेरा, असे हे कूळ आहे. तांब्यासारखा तो तांबडा, असे सहज वाटते. परंतु संस्कृतातील क्रम बहुधा उलटा आहे. वैदिक वाङ्मयात ‘ताम्र’ हे आधी रंगाचे विशेषण आहे. यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात ते सूर्यरूप रुद्राला लावले आहे. धातूला ते नाव मागाहून मिळाले. पहाटे ‘तांबडे फुटले’ म्हणणारा शेतकरी नकळत तोच जुना अर्थ जागवतो.

गंमत अशी, की कोकणच्या तांबड्या मातीचा रंग तांब्याचा नव्हेच, तो लोहाच्या ऑक्साइडचा. आणि ‘लोह’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ तांबूस, पुढे तांबे, आणि त्यानंतर लोखंड! म्हणजे मातीचे नाव चुकले म्हणावे, तर तेही कठीण.

या शब्दाचा पैस मोठा आहे. गाय तांबडी, भोपळा तांबडा, कोल्हापुरात रस्सा तांबडा, पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी. (गोव्यातील तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देऊळ मात्र काळ्या दगडाचे आहे.) गायीचा तांबडा आणि रश्श्याचा तांबडा एक नव्हेत. आज ज्याला आपण तपकिरी म्हणतो त्याचा बराचसा भाग पूर्वी तांबड्यातच मोडत असे. ‘तपकिरी’ हे नाव तपकिरीच्या पुडीतून आले.

‘लाल’ फारसीतून आला. तेथील ‘लअल’ म्हणजे माणिक. लाल दिवा, लाल फीत, लाल बावटा, अशी त्याची वस्ती मुख्यतः कचेरीत आणि रस्त्यावर. शहरी बोलण्यात आता त्याने तांबड्याला जवळजवळ हुसकावले आहे, आणि त्यात एक छटा हरवते आहे, कारण माणकाच्या रंगाची माती कोठेच नसते. शाळेतील ‘तानापिहिनिपाजा’मध्ये मात्र इंद्रधनुष्याचा पहिला रंग अजून तांबडाच आहे.