‘अकस्मात’चे कूळ आणि स्पॅनिश भाषा

ध्यानीमनी नसता घडलेली गोष्ट सांगण्यास प्रत्येक भाषेने आपापले शब्द घडविले आहेत. या दृष्टीने स्पॅनिश भाषा पाहण्याजोगी आहे. तिची भगिनी पोर्तुगीज १९६१ पर्यंत गोव्याची राजभाषा होती. त्यामुळे यांतील काही शब्द आमच्या अनेक वाचकांस परके वाटणार नाहीत.

‘दे रेपेन्ते’ हा स्पॅनिशमधील सर्वपरिचित प्रयोग. ‘आकस्मिक’ या अर्थाच्या लॅटिन ‘रेपेन्स’पासून तो निघाला आणि पोर्तुगीजमध्येही तो तसाच नांदतो. ‘दे इम्प्रोबीसो’ याचा मूळ अर्थ ‘आधी न दिसलेले’. आपल्या ‘अकस्मात’चा अर्थ ‘कोणत्याही कारणावाचून’. तेथे दृष्टी अपुरी पडली, येथे कारण सापडले नाही. ‘दे गोल्पे’ अधिक रांगडा आहे. ‘गोल्पे’ म्हणजे प्रहार, आणि त्याचे मूळ लॅटिनमार्गे ग्रीकपर्यंत पोचते. संस्कृत ‘सहसा’ याच जातीचा: ‘सहस्’ म्हणजे बळ, त्याची ही तृतीया. फारसीतून आलेल्या ‘एकदम’मध्ये मात्र एका श्वासाचाच अवधी आहे.

क्रियापदेही हेच काम करतात. रडू लागणे यास स्पॅनिश मनुष्य ‘रडण्यास फुटणे’ अशा अर्थाचा प्रयोग करतो. आपल्यालाही रडू फुटतेच.

परंतु खरा बोध अर्थांतरात आहे. ‘प्रोन्तो’ म्हणजे मुळात ‘सिद्ध’. पुढे तो ‘लवकर’ झाला आणि ‘दे प्रोन्तो’ म्हणजे ‘एकाएकी’. कोलंबियात मात्र ‘दे प्रोन्तो’ याचा अर्थ ‘कदाचित’ असाही होतो. पेरूमध्ये ‘दे रेपेन्ते’चीही तीच गत. जे अवचित घडू शकते ते कदाचित घडेलही, अशा वाटेने हा अर्थ सरकला असावा.

आपल्याकडे ‘सहसा’ असाच सरकला. मराठीत तो आज ‘बहुधा’ या अर्थी रूढ आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त युधिष्ठिर भीमास, सहसा कार्य करू नये, असे सांगतो. आजच्या मराठी कानाने ते वाचल्यास ‘शक्यतो काही करू नये’ असा आळसाचा उपदेश हाती येतो! वस्तुतः तेथे निषेध आहे तो अविचाराच्या उतावळेपणाचा. म्हणून पोथी वाचताना ओळखीच्या शब्दापाशीच अधिक थबकावे व कोश उघडावा, अशी आम्ही वाचकांस विनंती करतो. अनोळखी शब्द आपण होऊन सावध करतो. ओळखीचा मात्र नकळत फसवितो.