खापरपणजीच्या मागावर

समजा, तुमचं घर अमेरिकेत मिनेसोटात आहे आणि तुमचं आडनाव म्हणजे मुळात पश्चिम नॉर्वेतल्या एका शेताचं नाव. पणजोबा तिथून आले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या आईचं काय झालं, हे विचारलं की कुणीतरी म्हणायचं, 'तापानं गेली बहुतेक', आणि विषय बदलायचा.

तेव्हा चला, 1876च्या जानेवारीत. सुन्फ्योर भागातल्या एका शेतघरात शिरगणतीवाला बाकावर बसून रकाने भरतोय. दिवस कुठलाही असो, हिशोब 31 डिसेंबर 1875च्या रात्रीचा. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून वाचता. घरमालक, म्हणजे तुमचे खापरपणजोबा: विधुर. खाली मुलं, एक गडी, गाई आणि मेंढ्या. दहा वर्षं मागे जा, 1865च्या शिरगणतीत: तेच घर, तीच चूल, आणि मालकाच्या नावाखाली बायको. म्हणजे ती या दहा वर्षांतच गेली.

इतकं कळलं की काम सोपं, असं तुम्हाला वाटतं. पाद्रीच्या घरी मयतांची वही असतेच. 1812 पासून नॉर्वेत छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि त्यांच्या दोन प्रती ठेवायचा दंडक आला: एक पाद्रीकडे, दुसरी त्याच्या सहायकाकडे, आणि दोन्ही रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. लाकडी घरांचा देश; एक जळाली तर दुसरी वाचावी. सरकारी हुकमांत इतका शहाणपणा क्वचितच सापडतो.

तुम्ही पानं उलटता. अक्षर गॉथिक वळणाचं, शाई तपकिरी पडलेली. नावांचा घोळ निराळाच. ओलेची मुलगी ती ओल्सदातर, लग्नानंतरही ओल्सदातरच. पुढे येतं ते शेताचं नाव, पण तो पत्ता. माणूस शेत बदलतो तसा पत्ताही बदलतो. कायमची आडनावं कायद्यानं सक्तीची झाली ती थेट 1923 साली. त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाच्या तीन बायका भेटतात. एक बाळंतपणात गेलेली, एक ऐंशीची, एक भलत्याच खोऱ्यातली. तुमची त्यांत नाही. दहा वर्षांची पानं संपतात आणि ती सापडत नाही.

वही चुकलेली नसते. मयताची नोंद जिथे माती दिली तिथे होते, आणि तिला इथे माती दिलेलीच नाही.

आता दुसरी वही उघडा. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागारानं ती संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट खुली केली आहे. 1856 साली, डॉक्टर ओवे गुल्डबर्ग ह्योग यांच्या पुढाकारानं, देशातल्या प्रत्येक कुष्ठरुग्णाची नोंद सुरू झाली. एका रोगाच्या सगळ्या रुग्णांची अशी राष्ट्रीय नोंदवही जगात पहिलीच. पुढच्या दशकांत तिच्यात 8,000हून अधिक नावं चढली, आणि बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरची, तुमच्या लोकांच्या मुलखातली. ओल्सदातर, शेताचं नाव, जन्मसाल. या वेळी तीनही जुळतात.

थांबा, घाईनं मृत्यूच्या रकान्याकडे जाऊ नका. आधी तो डॉक्टर घरी येतो तो दिवस बघा. ती दाराशी उभी आहे, भुवया विरळ झालेल्या, हात पदराआड लपवावेत तसे ॲप्रनखाली. डॉक्टर सुई टोचतो. तिला कळत नाही. मग तो वही काढून विचारतो: वडलांना होता? आईला? भावंडांना? 1847 साली बर्गनच्या डॅनिएलसेन यांनी प्रोफेसर बोक यांच्याबरोबर या रोगावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि तो रक्तातून उतरतो हे त्यात ठासून मांडलं. म्हणून डॉक्टर रोगापेक्षा कुळाची चौकशी अधिक करतो. तुमच्या घराण्याची पहिली नीट वंशावळ अशी, रोगाच्या संशयातून लिहिली जाते. तिच्यात एक भाऊही आहे. तोही रुग्ण, आणि त्याच्या नावापुढे शेरा: अमेरिकेला गेला.

सक्तीनं घरातून हलवण्याचे कायदे 1877 आणि 1885चे, म्हणजे तिच्यानंतरचे. तिला पोलीस नेत नाहीत. खेड्यातली गरिबांची सोय बघणारी मंडळी, थकलेला नवरा आणि दूर बसू लागलेले शेजारी मिळून ते ठरतं. ती होडीत बसते. तुम्हीही बसा.

बर्गनमधलं सेंट योर्गेन हे इस्पितळ पंधराव्या शतकापासूनचं. 1702च्या आगीत जळालं आणि पुन्हा बांधलं. आत शिरलात की मधोमध उंच दालन, दोन मजली, भोवती लाकडी सज्जा, आणि सज्जाला लागून खोल्यांच्या रांगा. खोली दोघींची, दोन खाटा मावल्या की संपली. जेवण ज्याचं त्यानं रांधायचं. स्वयंपाकघरात भांडी वाजतात, कुणी विणतंय, कुणी खोकतंय, जखमांच्या चिंध्यांचा वास लाकडात मुरलेला. 1816 साली इथल्याच पाद्रीनं, योहान अर्न्स्ट वेलहावननं, या जागेला जिवंतांचं स्मशान म्हटलं होतं. तुमच्या खापरपणजीच्या वेळी गर्दी पूर्वीइतकी नाही. शहरात आणखी दोन कुष्ठरुग्णालयं उभी राहिली आहेत.

साल 1873. त्यांतल्याच एका रुग्णालयातला तरुण डॉक्टर, गेरहार्ड आर्मावर हान्सेन, फेब्रुवारी महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाच्या गाठीतल्या द्रवात बारीक काड्या पाहतो. रोग रक्तातून उतरत नाही, जंतूनं पसरतो, असं त्याचं म्हणणं. डॅनिएलसेन त्याचे सासरे, आणि मत नेमकं उलट. त्याच वर्षी मुंबईहून एक पाहुणा बर्गनला येतो: हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 'ग्रेज ॲनाटॉमी'तली चित्रं काढणारा, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेला, साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून वर्षं काढलेला. मुंबई इलाख्यातल्या महारोग्यांसाठी काय करता येईल ते शोधत तो नॉर्वेची इस्पितळं बघतो आणि 1874 साली त्यावर अहवाल छापतो. बर्गनच्या एखाद्या बोळकांडीत तुम्ही त्याला वाट दिलीत तर नवल नाही.

हान्सेनला मात्र देव्हाऱ्यात बसवू नका. 1879 साली त्यानं एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. बाई गप्प बसली नाही, खटला झाला, आणि 1880 साली त्याची रुग्णालयातली नोकरी गेली. देशाचा कुष्ठरोगाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी तो तरी राहिलाच.

तिची मयताची ओळ अखेर इस्पितळाच्या पाद्रीच्या वहीत मिळते. मृत्यूची तारीख, मातीची तारीख, नाव, वय, जन्मस्थळ. मृत्यूचं कारण लिहायचा रकाना 1877 साली आला, तिची ओळ त्याआधीची. आणि त्या इमारतीत ते लिहून कुणाला काय नवं कळणार होतं?

पण कागद इथे संपत नाहीत. भावापुढचा तो शेरा आठवतोय ना? 1880च्या दशकाच्या अखेरीस हान्सेन स्वतः अमेरिकेला जातो. रोग घेऊन तिकडे गेलेल्या नॉर्वेजियनांची मुलंबाळं त्याला तपासायची आहेत. रोग रक्तात असेल तर त्यांच्यात दिसायलाच हवा. मिनेसोटात तो शेतं पालथी घालतो. आता तुमच्या या मामांच्या स्वयंपाकघरात उभे राहा, म्हणजे पणजोबांच्या मामांच्या. भाच्यानं येऊन त्यांच्याच शेताशेजारी जमीन घेतलेली आहे. हान्सेन मुलांच्या भुवया बघतो, हातांवरून बोटं फिरवतो. स्वच्छ. पुढचं घर, तेही स्वच्छ. त्या वंशजांत त्याला एकही रुग्ण सापडत नाही, आणि सासऱ्यांच्या सिद्धान्ताविरुद्धचा हा पुरावा तो मायदेशी घेऊन जातो.

जाताना तो भाच्याकडे वळून विचारतो, तुमच्या घरात आणखी कुणाला होता का? तुमचे पणजोबा, तिशीतला दणकट माणूस, मान हलवतात: नाही. हान्सेन पुढे काही विचारत नाही. त्यांच्या आईचं नाव, शेत आणि मृत्यूची तारीख बर्गनमध्ये त्याच्याच ताब्यातल्या नोंदवहीत आहे.