हजेरीला हाक कोणी मारली?

आमच्या घराच्या आढ्याला एक घुंगुरकाठी खोचलेली असायची. आजा येसकर होता. पाळी आली की ही काठी घेऊन पाटलाच्या वाड्यापुढं उभं राहायचं. वर्दी पोचवायची, टपाल न्यायचं, साहेबाचं ओझं उचलायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन कोस कोस पळायचं. बदल्यात काय? शिळी भाकर आणि शिव्या. १९५६ ला आम्ही धम्म घेतला, १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, पण काठी बापानं जाळली नाही. म्हणाला, पोरांना दिसू द्या आपण काय होतो ते.

काही वर्षांपूर्वी जयंतीला आम्ही विहारात छोटं प्रदर्शन मांडलं. बाबासाहेबांचे फोटो, जुनी पुस्तकं, आणि मधोमध ती काठी. खाली चिठ्ठी लावली, 'आमच्या गुलामीची खूण'. चिठ्ठी मीच लिहिली होती. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला माळावर पारध्यांची दहा-बारा घरं. तिथली एक म्हातारी नातवाचा हात धरून आली होती. काठी बघून ती जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, मावशी, या ना पुढं. ती म्हणाली,

"दादा, ही काठी माझ्या वळखीची हाय. तिन्हीसांजेला हिचं घुंगरू वाजलं की माय आमाला पालात लोटायची. तुझा आजा हाक मारायचा, हजेरीला चला रं. मग बापे समदे चावडीम्होरं जाऊन बसायचे. तुमाला ही गुलामीची खूण. आमाला ती फौजदाराची काठी व्हती."

मित्रांनो, मी तीस वर्षं चळवळीत भाषणं केली. त्या दिवशी मला एक शब्द सुचला नाही.

मग वाचायला बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं सगळ्या ब्रिटिश मुलखात त्याची वाट मोकळी झाली. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नावं वहीत चढायची. बोटांचे ठसे घ्यायचे. ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर दाखला. दाखल्याशिवाय सापडला तर शिक्षा. यात त्या माणसानं काय केलं, हा सवालच नव्हता. जन्माला आला हाच गुन्हा.

हे शहाणपण साहेबानं आणलं कुठून? कायद्याची बाजू मांडताना युक्तिवाद केला गेला तो असा: या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, लोहाराचा लोहार, तसा चोराचा पोरगा चोरच होणार. बघा, मनूचाच पाढा इंग्रजीत! विलायतेतला वंशाचा अहंकार आणि इथली जात यांचं असं लग्न लागलं. दोनच वर्षांनी, १८७३ ला, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली आणि काळ्या माणसांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. तिकडं एक बेडी तुटत होती, इकडं नवी घडत होती.

याच वंशविचारानं आपल्यालाही हाणलं, हे विसरू नका. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. का? तर म्हणे ही लढाऊ वंशाची जात नाही. कोरेगावच्या खांबावर आपल्या बापजाद्यांची नावं कोरलेली असताना! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. म्हणजे एकाच टेबलावर बसून साहेबानं दोन शिक्के बनवले. एकावर लिहिलं 'लढाऊ नव्हे', तो आपल्या कपाळी. दुसऱ्यावर लिहिलं 'जन्मजात चोर', तो पारध्याच्या. आपला शिक्का पुसायला आपण अर्ज केले, परिषदा घेतल्या, पुढं बाबासाहेब उभे राहिले. पारध्याचा अर्ज कोण लिहिणार होतं? त्याच्या हातात लेखणी नव्हती, आणि वहीत त्याचा अंगठा आधीच लागलेला.

आता ठसठसणारी गोष्ट. १८७१ च्या त्या कायद्यातच लिहिलंय की गावचा मुख्य आणि गावचा राखणदार यांनी अशा जमातीच्या माणसांची खबर जवळच्या पोलीस ठाण्याला द्यायची. हे त्यांचं कर्तव्य. गावचा मुख्य म्हणजे पाटील. पण पाटील रात्री माळावर स्वतः जातोय होय! राखण कोणाकडं होती? कुठं रामोशाकडं, कुठं भिल्लाकडं, आणि कितीतरी गावांत महाराकडं. आमच्या गावात माझ्या आजाकडं. गावगाड्याची करामत बघा. ज्याला गावाबाहेर बसवला त्याच्याच हातात काठी देऊन त्याच्याहून लांब बसवलेल्यावर पहारा करायला लावला.

माझा आजा खुशीनं जात होता काय? नाही. नाही म्हणाला असता तर भाकर बंद झाली असती, पाठ फुटली असती. हे मी म्हातारीलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्या कुठं म्हन्ते त्यो वाईट व्हता? पन हाक त्याचीच यायची ना?"

यावर आपले काही तरुण मला म्हणाले, काका, हे लिहू नका. शत्रूच्या हातात कोलीत द्यायचं कशाला? शिवाय आमच्या आजानं केलं त्याचं आम्ही काय देणं लागतो? दोस्तांनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय का? सवर्णांची शिकलेली पोरं आपल्याला हेच ऐकवतात. आमच्या पणज्यानं केलं असेल, आम्ही कुठं केलं? तेव्हा आपण चवताळून उठतो, आणि बरोबर उठतो. मग तेच वाक्य आपल्या तोंडात शोभतं कसं?

आणि फक्त आजाचं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. एका उन्हाळ्यात गावातली विहिरीवरची मोटर चोरीला गेली. तेव्हा मी विशीतला, छातीवर बिल्ला लावून फिरणारा. गाव म्हणालं, पारधी. आमच्या वस्तीनंही मान डोलावली. पोलीस आले आणि कोणाचं पाल कुठं ते विचारू लागले. बोट दाखवणाऱ्यांत मी होतो. एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उचलून नेला. चार दिवसांनी परत आला तो लंगडत. पुढं मोटर गावातल्याच एका बड्या घरच्या गोठ्यात निघाली. गावानं हसण्यावारी नेलं. आम्ही गप्प राहिलो. तो पोरगा म्हातारीचा भाचा. तो नंतर गाव सोडून गेला. मला घुंगुरकाठीची गरज लागली नव्हती, माझं बोट पुरलं.

बाबासाहेबांना हे सगळं दिसत होतं. 'जातिनिर्मूलन' मध्ये १९३६ ला त्यांनी या देशातल्या आदिवासींचा आणि गुन्हेगार ठरवलेल्या लोकांचा सवाल काढला. १९४८ च्या 'अस्पृश्य' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर हिशेबच मांडला: गुन्हेगार म्हटलेल्या जमाती सुमारे २ कोटी, आदिम जमाती दीड कोटी, अस्पृश्य ५ कोटी. तिन्ही एका ओळीत ठेवून त्यांनी हिंदू संस्कृतीला जाब विचारला. आपण त्यातला ५ कोटींचा आकडा तेवढा पाठ केला. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, यावर मी व्याख्यानं दिली आहेत. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला तुडवायला खाली कोणीतरी असतं, म्हणून शिडी मोडत नाही. हे मी बोर्डावर काढून दाखवायचो. त्या शिडीवर मी कुठं उभा, ते काढायचं राहिलं.

आपल्या नगरच्या मातीत याची आठवण आहे. १८४२ ला 'ज्ञानोदय' निघाला तो नगरहून. त्याच पत्रात १८५५ ला फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीचा निबंध छापला गेला. विषय मांग आणि महार या दोघांचं दुःख. त्या लेकरानं दोघांचं दुःख एका दमात सांगितलं. आपण मोठी माणसं, पाणवठे वेगळे ठेवत बसलो.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा साऱ्या देशासाठी रद्द झाला. पण १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि फौजदाराची नजर होती तिथंच राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. तितर-सशांवर जगणाऱ्या फासेपारध्यानं जगायचं कशावर, ते कायद्यानं सांगितलं नाही. १९२४ च्या कायद्यात तर ६ ते १८ वर्षांची पोरं आईबापांपासून तोडायची सोय होती. ऑस्ट्रेलियात मूळनिवाशांची पोरं अशीच तोडली होती. तिथल्या पंतप्रधानानं २००८ ला संसदेत उभं राहून माफी मागितली. माफीनं पोटं भरत नाहीत, खरं आहे. पण झालं ते झालं नाही असं म्हणायची सोय तरी संपते.

सरकार माफी मागेल तेव्हा मागेल. मी माझी मागायला माळावर गेलो. म्हातारीनं ऐकून घेतलं. रडली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. म्हणाली, "तुमाला तुमचा बाबा भेटला. आमच्याकडं यायच्या वाटेवर तुमीच हुबे व्हता. आता सरका." जरा थांबून म्हणाली, "नातवाला जातीचा दाखला मिळंना. कागद मागत्यात. जन्म पालात झाला, कागद कुठला?"

कार्यकर्त्या मित्रांनो, सोनई झालं २०१३ ला, खर्डा झालं २०१४ ला, आपण रस्त्यावर उतरलो. उतरायलाच पाहिजे. पण पारध्याचा पोरगा संशयावरून उचलला तेव्हा आपल्यातले किती जण ठाण्यात गेले? तालुक्याला अर्ज कसा करायचा, साहेबाला कायदा कसा दाखवायचा, हे आपल्याला येतं. ते घेऊन माळावर जा. पुढारी म्हणून नको. आधी खाली बसा, त्यांची म्हातारी माणसं काय सांगतात ते ऐका, लिहून घ्या. आपल्याविरुद्ध सांगतील तेही लिहा. आणि गावात चोरी झाली की पहिलं आपलं बोट खिशात घाला.

नातवाचा दाखला दीड वर्षानं निघाला. काठी अजून विहारात आहे. चिठ्ठी बदलली. आता दोन चिठ्ठ्या आहेत. एक माझी. दुसरी म्हातारीनं सांगितली, तिच्या नातवानं लिहिली.

जय भीम.