पहिल्या लसीची आठवण, दुसऱ्या लसीचे उत्तर

मुळशी तालुका म्हटला की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर धरण, १९२१ चा सत्याग्रह आणि अलीकडच्या काळात हिंजवडीतील संगणक कंपन्या येतात. याच हिंजवडीतील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने भारतात विकसित झालेली पहिली एमआरएनए लस तयार केली, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. 'जेमकोव्हॅक-१९' या लसीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ओमायक्रॉन या उपप्रकारासाठी बदललेली तिची आवृत्ती, 'जेमकोव्हॅक-ओएम', जून २०२३ मध्ये मंजूर झाली. ही दुसरी लस वर्धक मात्रा म्हणून द्यायची होती, म्हणजे कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रा आधीच घेतलेल्या व्यक्तींना. साहजिकच तिच्या चाचणीत एका जुन्या प्रश्नाची परीक्षा झाली. ज्या शरीरात एका लसीची आठवण आधीच मुरलेली आहे, ते दुसऱ्या लसीला कसे उत्तर देते?

हा प्रश्न सर्वांनाच लागू असला, तरी आरोग्य कर्मचाऱ्यांना तो अधिक जवळचा आहे. पौडपासून पुण्यापर्यंत कोणत्याही रुग्णालयातील परिचारिकेच्या दंडाचा इतिहास पाहावा. जन्मानंतर बीसीजी, मग त्रिगुणी आणि गोवर, व्यवसायात आल्यावर कावीळ-बच्या तीन मात्रा, कधी फ्लूची लस, आणि १६ जानेवारी २०२१ रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली तेव्हा सर्वांच्या आधी कोविडची लस. सामान्य माणसापेक्षा अधिक लसी, त्याही लवकर. त्यामुळे लसींच्या परस्परसंबंधाचे बरेचसे संशोधन याच वर्गात झाले.

पहिली लस दुसरीवर परिणाम करते ती प्रामुख्याने सामायिक घटकांमुळे. शरीराने पूर्वी पाहिलेला भाग नव्या लसीत पुन्हा आला, तर स्मृतिपेशी त्याला तत्काळ ओळखतात. ही ओळख कधी उपकारक ठरते, कधी अडथळा. नवा विषाणू जुन्यापेक्षा थोडा वेगळा असेल, तरी शरीर सवयीने जुन्याच आकाराची प्रतिपिंडे अधिक बनवते. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी फ्लूच्या संदर्भात १९६० मध्ये या प्रवृत्तीला 'आद्य प्रतिजनी पाप' असे काहीसे धर्मग्रंथी नाव दिले. कोविशील्डसारख्या लसीत आणखी एक गुंतागुंत असते. तिच्यातील जनुकीय माहिती चिंपँझीच्या अॅडिनोविषाणूच्या वाहनातून पेशीत पोहोचते. शरीर माहितीबरोबर वाहनालाही ओळखू लागले, तर पुढच्या खेपेला ते वाहन वाटेतच अडवले जाण्याची शक्यता निर्माण होते.

दोन मात्रांमधील अंतर हा असाच कळीचा मुद्दा. येथे लस तीच असते, पण पहिली मात्रा दुसरीला मिळणारे उत्तर ठरवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवल्यास परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, तर बारा आठवडे किंवा अधिक ठेवल्यास सुमारे ८१ टक्के आढळली होती. भारतात मोहिमेच्या आरंभी हे अंतर अवघे चार आठवडे होते. मार्च २०२१ मध्ये ते कोविशील्डसाठी सहा ते आठ आठवडे आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. तोवर रांगेत पहिल्या असलेल्या असंख्य आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दोन्ही मात्रा जुन्या वेळापत्रकाने होऊन गेल्या होत्या. सर्वाधिक धोका पत्करणाऱ्यांच्या वाट्याला सर्वांत आखूड अंतर आले, ही विसंगती त्या वेळी फारशी चर्चिली गेली नाही. पुढे १० जानेवारी २०२२ पासून त्यांना 'दक्षता मात्रा' मिळाली तीही पूर्वीच्याच लसीची. लस बदलण्याची मुभा नव्हती.

लस बदलल्यास काय होते, याचा भारतातील पहिला पुरावा योगायोगाने हाती आला. उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात मे २०२१ मध्ये १८ जणांना पहिली मात्रा कोविशील्डची आणि दुसरी चुकून कोव्हॅक्सिनची दिली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) या चुकीचे संशोधनात रूपांतर केले. या १८ जणांची तुलना एकाच लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या प्रत्येकी ४० जणांच्या दोन गटांशी करण्यात आली. मिश्र मात्रा सुरक्षित ठरली आणि प्रतिपिंडांचा प्रतिसादही सरस दिसला. अठरा हा आकडा धोरण ठरवण्यास अपुराच, पण दिशा दाखवण्यास पुरेसा होता.

हिंजवडीच्या लसीची चाचणी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या टप्प्यात ३,१४० सहभागींमध्ये जेमकोव्हॅक-ओएमची तुलना कोविशील्डच्या वर्धक मात्रेशी केली गेली. त्यांपैकी ४२० जणांचा प्रतिकार प्रतिसाद तपासण्यात आला. ओमायक्रॉनच्या बीए.१ या प्रकाराला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे एकोणतिसाव्या दिवशी एमआरएनए गटात लक्षणीय वाढली होती. कोविशील्ड गटातील वाढ संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हती.

हा फरक कशामुळे पडला? नव्या लसीत ओमायक्रॉनचे प्रथिन होते आणि तंत्रही निराळे होते. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर श्रेय कोणाला द्यावे, हे या तुलनेतून सांगता येत नाही. दुसऱ्या टप्प्यातील १४० जणांची चाचणी येथे उपयोगी पडते. तीत ओएमची तुलना तिच्याच थोरल्या बहिणीशी, जेमकोव्हॅक-१९ शी, केली होती. तंत्र एमआरएनएचेच, पण प्रथिन जुने. तिनेही ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वाढवली; ओएमने त्याहून अधिक. म्हणजे जुन्या प्रथिनाची उजळणीही नव्या वाहनातून पोहोचली तर वाया जात नाही, आणि प्रथिन अद्ययावत असेल तर लाभ वाढतो, असा सावध अर्थ काढता येईल. प्रतिपिंडांची पातळी म्हणजे प्रत्यक्ष संरक्षण नव्हे, ही मर्यादा अर्थातच राहते. व्यवहारात मात्र लसीला उशीर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्येच संपल्याचे जाहीर केले होते.

लसींचे असे नाते दर वेळी अडथळ्याचेच असते असे नाही. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी बनवलेली 'मेनआफ्रिव्हॅक' ही मेंदूज्वराची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यात मेंदूज्वराच्या जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडलेली असते. लस घेतलेल्यांमध्ये धनुर्वातविरोधी प्रतिपिंडेही वाढलेली आढळली. याच जोडणीची दुसरी बाजूही आहे. वाहक प्रथिनाविरुद्ध आधीच प्रबळ प्रतिकार असेल, तर त्याला जोडलेल्या घटकाकडे शरीराचे दुर्लक्ष होऊ शकते.

बीसीजीची कथा सर्वांत वेगळी. क्षयाच्या जंतूचा कोविडच्या विषाणूशी काही संबंध नाही, मग क्षयाची लस कोविडमध्ये उपयोगी का पडावी? नेदरलँड्समधील मिहाई नेटिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'प्रशिक्षित प्रतिकारशक्ती' ही संकल्पना मांडली होती. बीसीजीमुळे शरीराची उपजत, सर्वसाधारण संरक्षणव्यवस्थाच अधिक दक्ष होते, असा तिचा आशय. त्या आधारावर ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन व ब्राझील येथील आरोग्य कर्मचाऱ्यांवर 'ब्रेस' ही चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,९८८ जणांच्या निष्कर्षांनी निराशा केली. सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड होण्याचे प्रमाण बीसीजी गटात १४.७ टक्के आणि निष्क्रिय इंजेक्शन घेतलेल्या गटात १२.३ टक्के होते. बीसीजीमुळे संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. बीसीजीने नंतरच्या कोविड लसीचा प्रतिसाद बदलतो का, हाही विषय अशा चाचण्यांमुळे अभ्यासता येतो. महाराष्ट्रात अशी तुलना करणे अवघड, कारण येथे बीसीजी न घेतलेला गट शोधायचा कोठे? येथील चाचणी फार तर पुन्हा दिलेल्या बीसीजीची असू शकते.

रुग्णालयात रोज उपयोगी पडणारे नियम याहून साधे आहेत. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांसारख्या इंजेक्शनने द्यायच्या जिवंत लसी एकाच दिवशी द्याव्यात किंवा त्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. अन्यथा पहिलीने जागवलेली संरक्षणयंत्रणा दुसरीला रुजू देत नाही. निष्क्रिय लसींना सामान्यतः हे बंधन नसते. गोवराची लस क्षयाच्या मॉन्टू चाचणीलाही काही काळ दाबते. त्यामुळे नोकरीत रुजू होताना ही चाचणी लसीच्याच दिवशी करावी किंवा चार आठवडे थांबावे. उलट बीसीजीमुळे हीच चाचणी संसर्ग नसताना होकारार्थी येऊ शकते. रक्तावरील इग्रा चाचणीत हा दोष नाही. कावीळ-बच्या शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजावीत. ती प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांहून कमी असल्यास लसीकरण पुन्हा करावे लागते.

या सर्वांसाठी आधी काय घेतले, केव्हा घेतले, हे माहीत असावे लागते. कोविडच्या मात्रांची नोंद 'को-विन'वर झाली. कावीळ-बचे कागद नोकरी बदलताना बहुधा मागेच राहतात, आणि बीसीजीचा पुरावा म्हणून अनेकांकडे डाव्या दंडावरचा वण तेवढा असतो.