परस, मीठ आणि ऊन : नवी मुंबईच्या गावांतील भाजीपाल्याचा व बेगमीचा इतिहास

ठाण्याची खाडी, पारसिकचे डोंगर आणि पनवेलची खाडी यांच्या परिसरातल्या ज्या पट्ट्यावर आज नवी मुंबई वसलेली आहे, तेथे शहर येण्यापूर्वी आगरी, कोळी आणि कराडी समाजांची गावे होती, आणि त्यांचा इतिहास सांगताना भातशेती, मीठ व मासेमारी या तीन व्यवसायांचा उल्लेख नेहमी केला जातो. घराच्या मागच्या अंगाला पिकणारा भाजीपाला आणि त्यातून उरलेले वर्षभर टिकवण्याची रीत यांची नोंद मात्र महसुली दफ्तरात क्वचितच झाली, कारण त्या उत्पन्नावर सारा नव्हता, ते बहुतांशी घरातच खपत असे आणि ते काम मुख्यतः स्त्रियांच्या हाती होते. तरीही या किनाऱ्यावरील कुटुंबे पावसाळ्याचे कठीण महिने कशी काढत, हे समजून घ्यायचे असेल तर परस आणि बरणी यांचा इतिहास एकत्र पाहावा लागतो.

या परसबागेचे मूळ जमिनीच्या जातीत आहे. वाशी, कोपरखैरणे, घणसोलीपासून गव्हाण, जसईपर्यंतच्या खाडीकाठच्या गावांची बरीचशी शेती खारजमिनीत होती. खार म्हणजे मातीचा बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेली जमीन. तिच्यातला क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन निघाला की भात येते, परंतु पाऊस सरल्यावर क्षार पुन्हा वर चढतो आणि गोड्या पाण्याची सोय नसल्याने दुसरे पीक घेता येत नाही. डोंगराच्या बाजूच्या उंच शेतांत भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, मूग, तूर अशी कडधान्ये येत, पण रोजच्या भाजीसाठी भरवशाची जागा एकच उरे, ती म्हणजे घराभोवतालची उंच, गोड मातीची पट्टी. तेथे मोरीचे सांडपाणी जिरते त्या जागी अळू आणि केळ लावली जाई, गोठ्यातले शेणखत आणि चुलीतली राख वाफ्यांत पडे, कुंपणाला शेवगा उभा असे आणि बांबू व फांद्यांच्या मांडवावर शिराळी, घोसाळी, पडवळ, दुधी, कारली आणि काकडी यांचे वेल चढवले जात. या मांडणीत पाण्याचा, खताचा आणि सावलीचा वेगळा खर्च जवळजवळ नव्हता.

बागेचे वेळापत्रक नक्षत्रांवर चाले. साधारण ७ जूनला मृग नक्षत्र लागले की वेलांच्या बिया टोचल्या जात. काकडी आणि भेंडी हाती यायला दीड महिना, तर दुधी, शिराळी यांना सुमारे दोन महिने लागत. म्हणजे पेरणीपासून श्रावणापर्यंत मांडव हिरवा दिसला तरी ताटात त्याचे फारसे काही पडत नसे. पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा आणि डोंगरातल्या कातकरी व ठाकूर स्त्रिया विकायला आणत त्या शेवळांसारख्या रानभाज्या काही दिवस हात देत. परंतु याच काळात समुद्र खवळलेला असल्याने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असत आणि शेतात लावणीचे सर्वांत कष्टाचे काम चाले. पावसाळ्याच्या तोंडावर घरात जो साठा केला जातो त्याला कोकणात आगोटची बेगमी म्हणतात. या बेगमीचे पहिले प्रयोजन हीच दीड-दोन महिन्यांची पोकळी भरून काढणे हे होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जे जास्त आले ते वाळवून किंवा खारवून ठेवायचे आणि नव्या वेलांना फळ धरेपर्यंत त्यावर निभावायचे, असा हा हिशेब होता.

भाद्रपदातील ऋषिपंचमीच्या व्रताने या बागेला धार्मिक आधारही दिला. त्या दिवशी बैलाच्या श्रमावर पिकलेले काही खायचे नाही असा नियम असल्याने नांगराविना, कुदळीने व हाताने पिकवलेल्या परसातल्या भाज्यांची एकत्र भाजी केली जाते. अळू, लाल भोपळा, शिराळी, पडवळ, भेंडी, माठ आणि सुरण हे तिचे नेहमीचे घटक आहेत. व्रत महाराष्ट्रात सर्वत्र असले, तरी परसातले प्रत्येक वाण निदान वर्षातून एकदा लागणारच, अशी व्यवस्था त्यातून आपोआप झाली. वाण टिकवण्याची रीतही साधी होती. मांडवावरचे एखादे उत्तम फळ न तोडता वेलावरच सुकू दिले जाई आणि त्याच्या बिया राखेत घोळून किंवा शेणात थापून भिंतीला चिकटवल्या जात, त्यामुळे कीड लागत नसे आणि पुढच्या मृगाला बी घरातच मिळे.

टिकवण्याच्या कामाचा पाया मीठ हा होता आणि ते या परिसरात मुबलक होते, कारण उरण-पनवेलच्या किनाऱ्याला मिठागरे होती. मीठ पदार्थातले पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढण्यासाठी लागणारी ओल शिल्लक ठेवत नाही. मासे आणि भाजी या दोहोंना हाच नियम लागू असल्याने ज्या अंगणात बोंबील आणि जवळा सुके, त्याच अंगणात कैरीच्या फोडी आणि सांडगेही सुकत. तथापि मीठ जवळ पिकत होते म्हणून ते स्वस्त होतेच असे नाही. ब्रिटिश अमलात मिठावर कर होता; १८८२ साली तो मणाला दोन रुपये आणि १८८८ साली अडीच रुपये झाला, नंतर तो कमी-अधिक होत राहिला आणि १९४७ साली रद्द झाला. हा कर गरिबाच्या बरणीवरही पडत असे, कारण ताटातल्या चिमूटभर मिठापेक्षा कैऱ्या आणि मासे खारवायला कितीतरी अधिक मीठ लागते.

प्रत्यक्ष पद्धतींत पदार्थाच्या स्वभावानुसार भेद केलेला दिसतो. कैरीला अंगचा आंबटपणा असल्याने ती ओली टिकते, म्हणून तिचे लोणचे घातले जाई किंवा ती अख्खी मिठाच्या पाण्यात मुरवली जाई; लोणच्यासाठी चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ हे प्रमाण मराठी घरांत आजही रूढ आहे. याउलट गवार, भेंडी, कारली यांत असा आंबटपणा नसल्याने त्यांना मीठ किंवा आंबट ताक लावून कडक उन्हात वाळवले जाई आणि लागतील तशा तळल्या जात. मिरच्या चिरून, मीठ-मसाला भरून वाळवल्या की सांडगी मिरची होई, तर कोहळा किसून, भिजवून वाटलेल्या डाळीत मिसळून त्याचे सांडगे घातले जात. लाल भोपळा देठासकट काढून आढ्याला टांगला तर अनेक महिने राही, फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळून ठेवल्या जात, वाल उन्हात तापवून राखेत कालवले जात आणि अलिबागकडचा पांढरा कांदा वेणीत गुंफून हवेशीर जागी लटकवला जाई. चिनी मातीची कोरडी बरणी, तोंडाला बांधलेला स्वच्छ फडक्याचा दादरा, फोडींवर तरंगणारे तेल आणि ओला हात न लावण्याचा दंडक या सर्वांमागे ओल आणि हवा दूर ठेवण्याचे एकच तत्त्व आहे. खाडीपलीकडे वसई-आगाशीत राजेळी केळी वाळवून सुकेळी करण्याची रीतही याच तत्त्वावर उभी राहिली आणि तेथे तिला व्यापाराचे रूप आले.

विसाव्या शतकात हे घरगुती ज्ञान दोन मार्गांनी घराबाहेर पडले. एक मार्ग छापील पुस्तकांचा होता. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आणि पुढे १९७० साली आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ यांनी तोंडी प्रमाणे लेखी स्वरूपात बांधून दिली. दुसरा मार्ग बाजाराचा होता. गिरगावातल्या बेडेकरांच्या दुकानाने लोणची आणि मसाले शहरी घरांत पोहोचवले, तर १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातच सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाने गच्चीवरच्या वाळवणाला स्त्रियांच्या मजुरीचा दर्जा दिला. ज्यांच्याकडे अंगण उरले नव्हते त्यांना वाळवण विकत मिळू लागले.

नवी मुंबईच्या पट्ट्यात अंगण जाण्याचे कारण अधिक थेट होते. १७ मार्च १९७० रोजी नवे शहर उभारण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहराच्या आराखड्यात आली. भातखाचरे, खार आणि मिठागरे संपादित होत गेली, मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जसई-दास्तान परिसरात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणे राहिली, परंतु वाढत्या कुटुंबांच्या बांधकामांनी परस व्यापले आणि वाल, मीठ, शेणखत व राख या सर्वांचा घरचा पुरवठा एकाच पिढीत तुटला. त्याच काळात मुंबईचे घाऊक बाजार १९८१ ते १९९६ दरम्यान टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आले, त्यामुळे ज्या गावांनी भाजी घरी पिकवली होती त्यांच्याच दाराशी राज्यभरातील भाजीच्या गाड्या बारमाही येऊ लागल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीची पोकळी बाजाराने भरली आणि बेगमीची निकड संपली.

तरी नव्या शहराच्या कल्पनेत मोकळ्या अंगणाला स्थान नव्हते असे म्हणता येणार नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे १९८०च्या दशकात रचलेल्या वसाहतीत प्रत्येक घराला ४५ ते ७५ चौरस मीटरचा स्वतंत्र भूखंड होता आणि सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली होती. पुढे उंच इमारती हाच शहराचा नियम ठरला, तेव्हा परस गच्चीवर आणि खिडकीच्या कठड्यावर गेला. त्यासाठीची दृष्टी श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने दिली; या परिवाराने थोड्या जागेत पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून माती घडवण्यावर भर दिला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर या शतकाच्या आरंभी फुललेली बाग अशा नगरशेतीचे ठळक उदाहरण आहे.

आजच्या गच्चीवरील बागेने जुन्या रीतीचा अर्धाच भाग उचलला आहे. लावणे परत आले, पण टिकवणे परत आले नाही, आणि म्हणून एकाच वेळी आलेल्या मिरच्या, टोमॅटो किंवा गवार वाया जातात. जुन्या वेळापत्रकातला धडा असा की दसऱ्यानंतर लावलेल्या पिकाचे उरलेले माघ-फाल्गुनात हाती यावे, कारण त्यापुढचे तीन महिने या किनाऱ्यावर वाळवणासाठी भरवशाचे ऊन असते. पावसाळ्यातले जास्तीचे मात्र शेजाऱ्यांत वाटणे हाच उत्तम मार्ग आहे. आंबटपणा नसलेल्या भाज्या पाण्यात भरून बंद बाटलीत ठेवणे घातक ठरू शकते, त्यामुळे त्या वाळवाव्यात, हा जुना विवेकही सोडू नये. नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांनी गच्चीचा एक कोपरा वाफ्यांसाठी आणि एक वाळवणासाठी राखून ठेवावा, आणि शेजारच्या गावठाणांतील ज्या वृद्ध स्त्रियांना बी धरण्याचे व बरणी भरण्याचे ज्ञान अजून अवगत आहे, त्यांच्याकडून ते वेळीच शिकून घ्यावे.